घोळ नव्हे, दुधी

प्रिय दादा,

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते, म्हणजे नंतर तुझं-माझं नको.

१. बुधवारी सकाळी तू मागच्या हिरवळीतल्या तणाचा फोटो पाठवलास.
२. मी लिहिलं : घोळ वाटते, पण फोटोवरून खात्री नाही. देठ मोडून बघ. पांढरा चीक आला तर दुधी नावाचं विषारी तण. मग हात लावू नका.
३. तू देठ मोडला नाहीस.
४. आईला म्हणालास, छोटी सांगते घोळ आहे, खुशाल खुड.
५. तिने भाजीसाठी टोपलीभर खुडली आणि त्याच हाताने उजवा डोळा चोळला.

दोन्ही तणं जमिनीला चिकटून पसरतात, दोन्हींचे देठ लालसर, दोन्ही एका हंगामात बी टाकून मरतात. घोळीचं पान जाड, गुळगुळीत, दुधीचं पातळ. तुझ्या फोटोत तुझ्याच डोक्याची सावली होती, पान कुठलं दिसायला. आमच्या प्रयोगशाळेत माळी रोज अशी रोपं घेऊन येतात. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी बजावलं होतं, देठ मोडल्याशिवाय नाव उच्चारायचं नाही. देठ मोडायला किती वेळ लागतो? मी मोजलाय. दोन सेकंद.

फोनवर तू हसत म्हणालास, 'अगं, जरा घोळ झाला.' घोळ झाली असती तर काहीच झालं नसतं, दादा. दुधी झाली. तू आईच्या शिवणयंत्राचं चाक मोडलंस तेव्हाही माझंच नाव घेतलं होतंस. मी दोन वर्षांची होते, मला धड बोलताही येत नव्हतं. त्या गोष्टीवर घरात सगळे हसतात, इतकी वर्षं मीही हसत आले. आता नाही हसणार.

आईच्या बुबुळाला जखम आहे. महिनाभर शिवण बंद. सुईत दोरा ओवायला ती डावा डोळा कापडाला टेकवते आणि मी पाहिलं की सुई खाली ठेवते.

काल तिला डॉक्टरांकडे मी नेलं. रोप कोणी ओळखलं, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, कोणी नाही, माझीच हौस. जिन्यात माझा हात थोपटून म्हणाली, 'होते गं चूक. मनाला लावून घेऊ नकोस.' न केलेल्या चुकीची माफी मिळाली मला. माझा पूर्ण संदेश तिला तिथेच दाखवता आला असता. दाखवला नाही, कारण हे तिने तुझ्या तोंडून ऐकायला हवं. घरी आल्यावर मी सांगितलं, डॉक्टरांनी जुने थेंब बंद केलेत, आजपासून फक्त नवे. तिने ऐकून घेतलं, बाटली हातात फिरवली आणि म्हणाली, दादाला एकदा विचारून घेऊ. म्हणून हे पत्र. माझं सांगणं तिला पुन्हा खरं वाटायला हवं, आणि थेंब दिवसातून चार वेळा घालायचे आहेत. तू काय केलंस ते तिला स्वतः सांग. सांगितलंस की नाही, ते मला रविवारपर्यंत लिहून कळव.

तुझीच, अजून तरी,
छोटी