बोलणारा डबा

रविवार, संध्याकाळ

शनिवारी सकाळी भांडी उरकली की मी चर्चची दानाची थैली उन्हात टाकायचे आणि हे दारात बसून तिचा लाकडी दांडा पुसायचे. थैलीत बंद मूठ घालायची, म्हणजे कोणी किती टाकलं ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. "झाकल्या मुठीत सगळे सारखेच," हे म्हणायचे. हे गेले आणि कमिटीतली यांची जागा मला दिली. मी गप्प बसते म्हणून असेल.

आता म्हणे मोबाइलने दान घ्यायचं. घ्या ना. पण खजिनदारांना किराणा दुकानातला तो बोलणारा डबाच हवा. आज उपासनेनंतर त्यांनी तो लावून पाहिला. मार्थामावशीने फोनवरून पैसे टाकले आणि डबा चर्चभर ओरडला, "दस रुपये प्राप्त हुए."

खजिनदार हसले. "आंटी, इतने में तो चाय भी नहीं आती."

मावशीने फोन पदराखाली घेतला, जणू चोरलाच होता.

नंतर मला म्हणतात, "दीदी, बिना आवाज वाला कोड भी है, पर उसमें जोश नहीं आता."

जोश. देवाला काय बहिरा समजतात? की दान मागच्या बाकावरच्यांना ऐकवायला असतं? उद्या कमिटीत यावर मत द्यायचं आहे. मावशी पुढच्या रविवारी येईल का, एवढंच डोक्यात फिरून राहिलं आहे. हे असते तर... जाऊ दे.

सोमवार

मीटिंगमध्ये मी बिनआवाजाच्या कोडला मत दिलं आणि उभं राहून कारण सांगितलं. मावशीचं नाव घेतलं नाही.