परिपाठातल्या टाळ्या

जळगाव जामोद, ७ जुलै

ती. आईस, संघर्षचा जयभीम.

इतके दिवस लिहिलं नाही, माफ कर. माझी तब्येत चांगली आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत?

शाळेत मुलांचा समुपदेशक म्हणून काम सुरू आहे. दहावीतली सारिका परवा पहिल्यांदा माझ्याशी बोलली, जगावंसं वाटत नाही म्हणून. मुख्याध्यापकांना कळवणं नियमानं भाग होतं. आज परिपाठात त्यांनी तिला माइकसमोर उभं केलं.

"हिले मरावं वाटते म्हने! वाजवा बे टाळ्या!"

साऱ्या शाळेनं वाजवल्या.

नंतर सारिकानं मला एवढंच विचारलं, "सर, तुमीच सांगतलं ना?"

मी हो म्हणालो. नियम पाळला की तिचा घात केला, मलाच कळत नाही.

तिच्या आईला आज तिच्याजवळच झोपायला सांगितलंय.

उद्या सकाळी: सारिकाच्या घरी जाणे, तिनं दार उघडलं नाही तरी तिथंच बसणे.