कोठार मोकळं करण्याचा ठराव

दि. ४ मार्च

चि. चिमणीस काकाचे अनेक आशीर्वाद.

तू परदेशातल्या त्या गावी नर्स म्हणून गेलीस आणि इथे आमच्या मदत मंडळाला चेव आला, आता आपलं माणूस तिथे आहे म्हणून. पाणी उकळून पितेस ना? रात्री दाराला कडी घालतेस ना?

माझं म्हणशील तर पुढची खोली शिलाई मशिनांनी भरली, आता ती स्वयंपाकघरातही शिरली. लोक जुनी मशिनं दाराशी ठेवून जातात, मी दुरुस्त करतो, मंडळ तुमच्या गावाला पाठवतं. पलंगाशी जायचं तर अंग चोरून सरकावं लागतं. लेक म्हणते, बाबा, तुमची खोली रिकामी ठेवलीय, पण उन्हाळा संपला की भाडेकरू ठेवीन. जावंसं फार वाटतं गं. पण मशीन उघडता येणारा मंडळात मी एकटाच. सोडतो म्हणालो की अध्यक्ष डॉक्टरीणबाई तिथल्या बायकांचा फोटो पुढे धरतात, मशिनांपुढे हसत बसलेल्या. मग मी पुन्हा पुढचं मशीन उघडायला घेतो. त्या बायकांचं माझ्यावाचून अडेल का, तेवढं खरं कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा घाबरट काका

दि. २ एप्रिल

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

पाणी उकळते, गाळते आणि तुमच्या धाकाने पुन्हा उकळते.

खरं विचारलंत, तर आता रागावू नका. इथे कोणी शिवत नाही. बाजारात तयार कपडे स्वस्त मिळतात. मशिनं आली की बायका ठेवणीतले कपडे घालून फोटोला बसतात, मग मशिनं धान्याच्या कोठारात जातात. कोठार भरलं, म्हणून यंदा धान्य ओसरीवर आलं आणि उंदरांचं फावलं. मी म्हटलं, नको म्हणून कळवा की. तर गावप्रमुख आजी माझ्यावरच डाफरल्या. म्हणाल्या, तो म्हातारा इतक्या लांबून जीव टाकतो, त्याचं मन कोण मोडणार?

तुम्ही त्यांच्यापायी अडकलात आणि त्या तुमच्यापायी. हे बैठकीत वाचून दाखवा आणि सरळ लेकीकडे जा.

आशीर्वाद वाढवा, काळजी घटवा.

तुमची चिमणी

दि. २८ एप्रिल

चि. चिमणीस आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हायसं वाटलं, मग त्या उंदरांनी माझी झोप उडवली. बैठकीत सगळं वाचून दाखवलं. बेकरीवाला खाली बघत राहिला. पोस्टमन म्हणाले, सुटलो बुवा एकदाचे! मलाही तेच म्हणायचं होतं. पिशवी काखोटीला मारून मी उठलोसुद्धा.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, त्यांचं धान्य उघड्यावर आणि आपण हात झटकून मोकळे? कोठार आपण अडवलं, आपणच मोकळं करायचं. सगळी मशिनं परत आणू. पोस्टमनांनी विचारलं, ठेवायची कुठे? सगळे माझ्याकडे बघायला लागले. बेकरीवाला म्हणाला, काकांना मशिनांची माया आहे, शिवाय समुद्राच्या हवेने गंजून आली तर बघणारा नको का?

त्यांच्या बोलण्यात खोट काढायला गेलो, सापडेना. धान्य आत जायलाच हवं, नाही का? ठरावाला एकेक हात वर गेला. शेवटी माझाही गेला.

लेकीला कळवलं, खोली भाड्याने दे.

आजींना एवढंच सांग, की मशिनं आम्हालाच हवी आहेत, म्हणून नेतोय. त्यांच्या जिवाला लागायला नको.

तुझा लोभ असाच राहो. इतरांचा आता मला झेपत नाही.

काका