म्हाताऱ्याचा खोकला

प्रिय धाकट्या,

हॉलचं भाडं, माईक, फुलं, खुर्च्यांना बांधलेल्या त्या पांढऱ्या फिती आणि खाणंपिणं मिळून परवाच्या तुझ्या समारंभाचा खर्च झाला एकोणचाळीस हजार सहाशे. आकडा मला कुठून कळला, ते मागाहून. माझे कान तिखट आहेत हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण तू कितीही हळू उचललंस, तरी पलीकडच्या खोलीतून मी तुझ्या नावाने ओरडायचो.

पण काय बोललास रे! आपल्या रबरी वॉशरच्या कंपनीत परदेशातून सातशे कोटी येणार म्हणालास आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मग खुद्द परदेशी साहेबांचा फोन माईकला लावलास. साहेब नाकातून इंग्रजी बोलले, लोकांनी न कळता माना डोलावल्या. पॅकिंगवाली मावशी माझ्या कानाशी लागली, की दादा, पोरीच्या लग्नासाठी पैसे ठेवलेले आहेत, ते कंपनीच्या शेअरात घालू का, तुम्ही म्हणाल तसं. मी तिला हातानेच थांबवलं, कारण मी ऐकत होतो. साहेबांच्या मागे कुणीतरी धापा टाकत होतं. दोनतीन ठोके नीट, मग उचकी, मग लांबलचक उसासा. अरे, आपला कॉम्प्रेसर! ज्याला अख्खा कारखाना म्हातारा म्हणतो, जो आपण दोघांनी भंगारातून उचलून हातगाडीवरून ढकलत आणला, तो. त्याचा खोकला मी झोपेतही ओळखेन. म्हाताऱ्याचा पासपोर्ट कधी काढलास, एवढंच सांग. शेडच्या वरच्या खोलीत कुणाला बसवलं होतंस ते विचारत नाही. निदान खिडकी तरी लावून घ्यायला सांगायचंस!

घरी आल्यावर मी शंका काढली तर म्हणालास, दादा, तुझी झेप वॉशरएवढीच. कबूल. पण वॉशर एवढासा असला तरी गळती तोच थांबवतो. मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं, हे रिकामे जाणारे टेम्पो बघून मला केव्हाच कळलंय. त्यात लाज कसली? दोन मशीनवर उभं केलं होतं, दोन मशीनवर पुन्हा चालवू. आपल्याच माणसांच्या गाठीच्या पैशाने भोक बुजवणं, लाज त्याची.

उद्या कारखान्याच्या अंगणातल्या सभेत मी तुझ्या शेजारी बसून, डोळे झाकून शेअर घ्या, असं सांगावं, हा तुझा निरोप पोचला. बसेन, अगदी खेटून बसेन. पण माईक हाती आला की फिटरला म्हातारा चालू करायला लावीन आणि सगळ्यांना विचारीन, परवा साहेबांच्या मागे कोण खोकत होतं? मग तू रागाव, घर तोड, वाट्टेल ते कर. मी हटणार नाही. त्याआधी तू स्वतः उठून खरं बोललास, तर मी तोंड उघडणार नाही, आणि घर गहाण टाकून तुझ्या पाठीशी उभा राहीन. एक दिवस आधी कळवतोय, भाऊ म्हणून सवलत ती एवढीच.

तुझाच,
दादा

ता. क. हॉलवाला सकाळी दारात उभा होता. कंपनीचा एकोणचाळीस हजार सहाशेचा चेक वटला नाही. मी रोख दिले.