हंसाबाईला हरवण्याचा एक महिना

५ जानेवारी
बोरी अरबच्या ग्रामपंचायतीत आरोग्य शिबिर. अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता? मी नऊ. शेजारची हंसाबाई सतरा! वय सहासष्ट, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आणि मी पस्तीस वर्षं हायस्कूलात पी.टी. शिकवलेला माणूस. वर सगळ्यांसमोर म्हणे, दमले काय सर? बसा न जराक. सगळे हसले. बदला घेणार. पुढचं शिबिर ५ फेब्रुवारी.

६ जानेवारी
शिबिराच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. म्हणाल्या, वयानं सगळ्यांचेच स्नायू झिजतात, साखर जाळायची त्यांची ताकद मंदावते. बाईचं पाळी गेल्यावर जरा झपाट्यानं, पुरुषाचं हळूहळू. बस! सायन्स माझ्या बाजूनं आहे. पुढे रोज कष्ट करणाऱ्यांबद्दलही काहीतरी बोलल्या. ते लिहून घेतलं नाही.

९ जानेवारी, पहाटे ५
उठाबशा. टार्गेट शंभर. झाल्या अकरा. थंडी होती. कुंपणापलीकडून हंसाबाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन गेली. मुद्दाम.

१४ जानेवारी
प्रोटीन सुरू. चार अंडी, वाटीभर फुटाणे. तिळगुळाचा हिशेब इथे नको. बायको कोकिळा म्हणे, अंडी खाऊन खाटेवरच लोळाचं तं कोंबडीनं मेहनत काहून करावी? हिलाही शेजारणीनं फितवलं.

२२ जानेवारी
गुडघा दुखतो. विश्रांती. स्नायू विश्रांतीतच बनतात. आठ दिवस बनवणार.

३१ जानेवारी
कोकिळा माहेरी, दारव्ह्याला. मौका! बॅकलॉग काढला. उठाबशा दोनशे. (साठ प्रत्यक्ष, बाकी मनात.) हंसाबाई, आता तुझी खैर नाही.

१ फेब्रुवारी
सकाळी परसातल्या संडासात बसलो. उठता येईना. मांड्यांचा दगड. अर्धा तास हळू आवाजात हाका मारल्या, इज्जत सांभाळून. मग बोंबललो. धावून कोण यावं? तीच. खांद्याच्या एका धक्क्यात आतली कडी तोडली. तोंड भिंतीकडे करून टॉवेल फेकला. मग काखेत हात घालून मला उभं केलं. ऐंशी किलो! खाटेवर निजवून चहा दिला. म्हणे, मी कोणाले नाही सांगत सर.
सांगितलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

५ फेब्रुवारी
शिबिराला गेलो नाही. हंसाबाई डॉक्टरीणबाईंनाच घरी घेऊन आली. हुकूम: खुर्चीचे हात धरून उठायचं, रोज पाच वेळा. मोजणार हंसाबाई.
आज चार झाल्या. तिनं कागदावर पाच लिहिल्या.