आबांचं सोडियम

१२ नोव्हें., बुध.

बारावीचा तास. फळ्यावर पेशीचं आवरण निम्मं काढून झालेलं आणि बापूचा फोन. धाकटा भाऊ. सणसरला आई-आबांजवळ राहतो. गळ्याशी आल्याशिवाय फोन करत नाही.

"अक्का, आबा मला वळखंनात. सकाळधरनं म्हनत्यात, मेंढरं आत घ्या."

मेंढरं विकून वीसेक वर्षं झाली. त्या मेंढवाड्याच्या जागी आता ऊस आहे.

उसाच्या ट्रॉल्यांतून वाट काढत आबांना घेऊन बापूची गाडी बारामतीच्या दवाखान्यात यायला जन्म गेला. रक्त तपासलं. सोडियम ११२. पाहिजे एकशेपस्तीसच्या वर. डॉक्टर तरुण, कागदाकडे बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. डॉक्टरांनी खुर्ची ओढली की समजायचं.

ते मला जे समजावत होते, ते मी दरवर्षी बेदाणे पाण्यात टाकून शिकवते. बाहेर मीठ कमी झालं की पाणी आत शिरतं, बेदाणा टम्म फुगतो. पोरांना मजा वाटते. मेंदूच्या पेशींचंही तेच. फक्त कवटीत फुगायला जागा नाही.

१३ नोव्हें., गुरु.

आबा गुंगीत. हाक मारली की डोळे उघडतात, परत मिटतात. सलाईन चालू आहे, पण थेंब-थेंब. सोडियम दिवसाला आठाच्या आतच वाढवायचं.

आईला "मीठ कमी झालंय" एवढंच कळलं. तिनं पिशवीतून मिठाच्या ताकाची बाटली काढली. हातातून हिसकावून घ्यावी लागली. गुंगीतल्या माणसाला पाजलं तर ते फुप्फुसात जाईल. शिवाय घाई चालत नाही. फुगलेल्या पेशींनी आतलं सामान बाहेर टाकून कशीबशी जागा केलेली असते. आता बाहेर एकदम मीठ वाढवलं तर त्या चिपाडासारख्या वाळतील.

"म्हंजी कमी झालं तरी मरनार न् दिलं तरी मरनार?" आई म्हणाली. अभ्यासक्रमात हे वाक्य घ्यायला हवं.

इतकं खाली गेलं कसं? बीपीची गोळी लघवीवाटे मीठ काढते. मोबाइलवरच्या कुणा आरोग्यगुरूच्या सांगण्यावरून आबा दिवसभर तांब्यावर तांब्या गरम पाणी पीत होते. तरीही एवढं नाही, डॉक्टर म्हणाले. जेवणात मीठ असेल ना?

आई पदराशी चाळा करू लागली. मग बाहेर बाकावर:

"न्हाय खात. तुजी गाठ काढली तवाच नरसिंगपूरला नरसिंहाला बोलून आल्यात. तुला डाक्टर 'आता येऊ नगं' म्हनंस्तवर मीठ बंद."

माझी गाठ, गेल्या वर्षीची. साधी निघाली होती, पण दर सहा महिन्यांनी पुण्याला तपासणी आहे. म्हणजे वर्षभर हा माणूस अळणी जेवतोय. माहेरी आमटीची दोन पातेली मी बघितली होती, वाटलं, बीपीसाठी.

"मला का नाही सांगितलं?"

"तू पेपरात लिवशील म्हनून."

नवस या विषयावर माझे दोन लेख छापून आलेत. दोन्ही फार आवडले होते लोकांना.

१४ नोव्हें., शुक्र.

आबांनी सकाळी नाव घेतलं. माझं. मग पाणी मागितलं. लघवीची पिशवीही भराभर भरतेय. आम्ही तिघं पिशवीकडे बघून असे हसत होतो जणू धरण भरलंय.

दुपारी रिपोर्ट. १२६.

दोन दिवसांत चौदा. त्यातलेही बहुतेक आजचे. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "लघवी किती झाली? कागदावर नोंदच नाही."

बापू पुढे झाला. अभिमानानं. "मीच ओतली की, दोन्ही टायमाला. सिस्टरला कशाला तरास?"

आमच्याकडची माणुसकी. दवाखान्यात आलं की परक्याला काम पडू द्यायचं नाही. चादर आपण झटकायची, पिशवी आपण ओतायची. नुसतं पाणी बाहेर पडत होतं, मीठ मागे राहत होतं, आणि आम्ही ते न मोजता बादलीत ओतून हात धूत होतो. मीही बघतच होते. मला तरी कळायला हवं होतं म्हणते तेवढ्यात सिस्टर म्हणाली, मॅडम, बाजूला व्हा.

आता उलटं. सलाईन बंद, साखरेचं पाणी चालू. सोडियम परत खाली आणायचं.

बापू भडकला. "काल मीठ चढवलं, आज पानी? खेळ लावलाय व्हय?" त्याला बाहेर नेलं. कसं सांगू, तुझ्या चांगुलपणानं झालं.

डॉक्टर मला एकटीला: मेंदूतल्या नसांच्या आवरणाला इजा झाली असेल तर आज दिसणार नाही. काही दिवसांनी दिसेल. बोलणं जड होतंय का, गिळता येतंय का, तोंड वाकडं होतंय का बघत राहा.

म्हणजे माणूस शुद्धीवर येतोय, आणि आम्ही तो जाण्याची वाट बघायची.

१६ नोव्हें., रवि.

सोडियम १२१ वर आणून हळूहळू चढवताहेत. आबा बोलतात. मी शब्द ऐकत नाही, जीभ ऐकते. "बारामती" म्हणायला लावलं तीनदा.

"मास्तरीन झालीस म्हनून बापाची परीक्षा घेतीस?"

र स्वच्छ होता. संडासात जाऊन रडले.

मग त्यांनी सलाईनच्या बाटलीकडे बघून विचारलं, "ह्येच्यात मीठ व्हतं?"

आईनं मला बोलूच दिलं नाही. "सुईनं ग्येलेलं जिभंला लागत न्हाय. मोडला न्हाय तुमचा नवस."

धर्मशास्त्र आईकडे द्यावं. निकाल लगेच लागतात.

१८ नोव्हें., मंगळ.

सोडियम १३३. आजपासून मीठ घातलेलं जेवण. आईनं डाळ-भात आणला. आबांनी वास घेतला आणि तोंड मिटलं.

"तुजा कागूद आला?"

तपासणी गुरुवारी पुण्यात. रिपोर्ट त्यानंतर. तो साफ आला तर डॉक्टर 'आता येऊ नका' म्हणतील.

"मग थांबू की."

पाव तास समजावलं. पेशीच्या आवरणातला पंप, मीठ बाहेर टाकतो, झोपेतही थांबत नाही, त्यावर तुमचं बोलणं-चालणं चालतं. आबांनी पुढाऱ्याचं भाषण ऐकावं तसं ऐकलं.

"तुला खातरी हाय ना तुज्या रिपोटाची? मग दोन दिस थांबायला भितीस कशाला?"

माझी जीभ कुणाकडून आली ते कळलं. खात्री मात्र नाहीये.

डॉक्टर म्हणाले, अजून चार-पाच दिवस डोळ्यांत तेल घालून बघा.

१९ नोव्हें., बुध.

उद्या पहाटे पुण्याला निघायचं. सांगायला गेले. आबा उशीला टेकून बसलेले. डाळीची वाटी तशीच, वर साय धरलेली.

"निघालीस?"

"हो. आल्यावर दोघं एका ताटात जेवू. मिठाचं."

मान हलवली. मग दाराबाहेर बघत म्हणाले, "मेंढरं आत घेतली का?"

तोंडाकडे बघितलं. डावा कोपरा किंचित वर गेलेला. मला छळताना जातो तसा. का तसा नाही? उजेड त्यांच्या मागच्या खिडकीकडून येत होता, नीट दिसेना.

"घेतली, आबा."

"मोजली?"

"तुम्हीच मोजा," म्हटलं आणि त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं.