पंप विसळलेलं पाणी

१२ ऑक्टोबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पानांचा खोका बसच्या ड्रायव्हरकाकांनी फाटकाशीच आणून दिला. ओल्या फडक्यात गुंडाळलेली इतकी टवटवीत पानं, की प्रयोगशाळेतल्या मुली विचारत होत्या, ही अळ्यांना घालायची की आपणच खायची. मामीला सांग, फडकं धुऊन परत पाठवतेय.

पण मामा, माझं काम पार गाळात रुतलंय. तुला सांगितलं होतं ना, कोबीवरच्या हिरव्या अळीला मरण्याइतकं औषध न मिळता अगदी थोडंसं मिळालं, तर पुढे तिच्या पतंगांचं काय होतं, एवढंच मला शोधायचंय. त्यासाठी एका गटाला मी थोडं औषध लावलेली पानं घालते आणि दुसऱ्याला कोरी. इथलं काचघर दुरुस्तीला काढलंय, बाजारातला कोबी फवारलेला, म्हणून तर कोरी पानं तुझ्याकडून मागवली. आता दोन्ही गटांत फरकच दिसत नाही! कोऱ्या पानांवरचे पतंगही अंडी घालत सुटलेत, इथे आजवर कधी घातली नव्हती इतकी. माझ्या मार्गदर्शक मॅडमना वाटतं, मी अळ्यांच्या बरण्यांची अदलाबदल केली. फेब्रुवारीअखेर नीट निकाल दिला नाही तर विषय दुसऱ्या मुलीकडे जाईल, असं त्यांनी सरळच सांगितलं. घास उतरत नाहीये. काहीतरी गमतीचं लिही.

तुझी,
मुंगी


२० ऑक्टोबर

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

गमतीचं हवं तर ऐक. तुझ्यासाठी राखलेल्या कोबीच्या ओळीचे लाड बघून मामी म्हणते, लग्न झालं तेव्हा माझ्याकडे एवढं लक्ष दिलं असतं तर फार बरं झालं असतं.

तुझ्या मॅडमना म्हणावं, ही पोरगी लहानपणी मुंग्यांच्या रांगेत कोण पुढे नि कोण मागे यावरून आमच्याशी भांडायची. ती कसली बरण्या अदलाबदल करतेय! आणि पानांत खोट निघाली तर मी मिशी उतरवीन. व्यापारी माझा कोबी डोळे मिटून घेतात, ते काय उगाच? भोक पडलेलं पान मी तुला पाठवेन का? शब्द दिल्याप्रमाणे तुझ्या ओळीवर औषधाचा थेंब नाही. बाकी मळा फवारून झाला की पंप विसळतो आणि ते पाणी तेवढं तिच्यावर शिंपडतो. नुसतं पाणीच ते, वाससुद्धा येत नाही. पण अळी दबकून राहते आणि पान कसं आरशासारखं येतं.

यंदा एक नवल मात्र आहे. तुझ्या ओळीशेजारच्या वाफ्यांत अळी नुसती उसळलीय. औषध दरवर्षीचंच, हातही दरवर्षीचाच. तुझी विद्या जरा इकडे चालव. आणि जेवत जा. किड्यांपायी उपाशी राहिलेली मुलगी आपल्या घरात नको.

तुझा,
मामा


२७ ऑक्टोबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहिलं होतं, ते फाडलं. त्यात फार वाईट लिहिलं होतं. मला तुझा राग आला, मामा. तुझ्यावर रागवायची सवय नसल्याने तो कुठे ठेवावा ते कळेना.

ते नुसतं पाणी नाही. पंपाच्या तळाशी, नळीत, औषध उरतंच. मी इकडे बारीक नळीने मोजून जेवढं लावते, जवळपास तेवढंच तू तिकडे प्रेमाने शिंपडत होतास. म्हणजे माझ्या दोन्ही गटांत एकच गोष्ट चालली होती. दुबळ्या अळ्या मेल्या आणि वाचल्या त्यांचे पतंग नेहमीपेक्षा जास्त अंडी घालू लागले. असं का होतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण माझ्या ओळीशेजारच्या वाफ्यांतली अळीही बहुतेक याच पतंगांची, म्हणजे तुझ्याच लाडांवर वाढलेली आहे.

मॅडमना सगळं सांगितलं. आतापर्यंतचं काम बाद. पानं दुसरीकडून आण म्हणाल्या. मी म्हटलं, एकदा मामाला विचारते. पंपापासून लांब नवी ओळ लावशील? तिला अळी लागली तर लागू दे, खाऊ दे, तू फक्त बघत राहायचं. जमेल का रे तुला? नसेल जमत तर आत्ताच सांग, मी रुसणार नाही.

तुझी,
मुंगी


९ डिसेंबर

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं. मी ऐकलं आणि मळ्यात जाऊन पंपाकडे बघत उभा राहिलो. इतकी वर्षं ते पाणी फेकताना कधी शंका आली नाही. एवढ्याशाने काय होतंय, असंच वाटायचं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? तुझं नुकसान माझ्याच हातून व्हावं, आणि तेही तुला चांगलं द्यायच्या नादात!

ड्रायव्हरकाकांबरोबर होकार कळवला, त्याच आठवड्यात नवी ओळ विहिरीपलीकडे लावली. तिला अळी लागली. पहिलं भोक दिसलं तेव्हा हात असे शिवशिवले म्हणून सांगू! एकदा तर अळ्या वेचायला बसलोच होतो, पण मामीने पाठीमागून खाकरून उठवलं. तेव्हापासून तिकडून जाताना हात पाठीशी बांधून जातो. शेजारी विचारतात, कोबीला काय झालंय आणि तुमची तब्येत बरी आहे ना.

सोबत खोका पाठवतोय. माझ्या हातचा म्हणून कुणाला दाखवू नकोस.

तुझा,
मामा


२६ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

निकाल आला! कोऱ्या पानांवरच्या पतंगांनी शहाण्यासारखी बेताची अंडी घातली आणि थोडं औषध पोटात गेलेल्यांनी कितीतरी जास्त. मॅडमनी अंडी स्वतः पुन्हा मोजली, चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाल्या, विषय तुझ्याकडेच राहील. मी आधी पोटभर जेवले, मग तुला लिहायला बसले. मिशी राहू दे, मामीला तुझा चेहरा ओळखू यायचा नाही.

तुझं एक सांगणं मात्र माझ्याकडून मोडलं. डिसेंबरात तुझा खोका उघडला तेव्हा मॅडम शेजारीच होत्या. वरचं पान उचललं तर त्याची नुसती चाळण, त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. तुझे पाठीशी बांधलेले हात आठवून मला रडूच आलं. मॅडमनी विचारलं, इतका वाईट कोबी पिकवतं तरी कोण? सगळ्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं, की माझा मामा.

लोभ आहेच, तो भोकांसकट राहू दे.

तुझी,
मुंगी